पाथरीच्या छतावरून उपग्रह शोधताना: घरगुती डिश हाताने कशी लावावी

मे महिन्याच्या शेवटी वळवाचा वारा सुटतो, पत्रे खडखडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर 'नो सिग्नल' दिसतो. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीसारख्या गावात ही दरवर्षीची गोष्ट. डिश तुटलेली नसते, बॉक्स जळालेला नसतो. छत्री जागेवरून दोन-तीन अंश हललेली असते, एवढेच. दर महिन्याचे पैसे भरणाऱ्या ग्राहकाला कंपनीचा माणूस बोलावता येतो. डीडी फ्री डिशला मात्र मासिक शुल्क नाही, त्यामुळे तक्रार ऐकायला येणारा माणूसही नाही. मेकॅनिकला बोलवायचे, तर जे फुकट म्हणून घेतले त्यावर खर्च होतो. म्हणून कित्येक घरांत डिश तशीच पडून राहते, आणि सह्याद्रीवरच्या बातम्या व मुलांचे शैक्षणिक चॅनेल बंद होतात.

डिश लावणे हे हातगुणाचे काम समजले जाते. पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग छतावर चढण्याआधी, कागदावर होतो. उपग्रहाची जागा ठरलेली आहे, गावाची जागा ठरलेली आहे. मग छत्रीचे तोंड कुठे हवे हेही ठरलेलेच आहे.

उपग्रह नेमका कुठे असतो

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. या उंचीवर पृथ्वीभोवती एक फेरी घालायला लागणारा वेळ आणि पृथ्वीचा स्वतःभोवती फिरण्याचा वेळ सारखाच असतो, त्यामुळे उपग्रह आपल्याला आकाशात एकाच जागी थांबलेला दिसतो. असे सगळे उपग्रह एका कमानीवर ओळीने बसलेले आहेत आणि ते कोणत्या रेखांशावर आहेत त्यावरून ओळखले जातात. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. हा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ रोजी एरियन-५ रॉकेटने सोडला गेला. त्याच्या बरोबर खालची जागा सुमात्राच्या पश्चिमेला हिंदी महासागरात येते.

पाथरी साधारण १९.२५ अंश उत्तर अक्षांश आणि ७६.४५ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यावरून गणित केले तर पुढील आकडे येतात. दिशा म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला कोन (पूर्व ९०, दक्षिण १८०). उंची म्हणजे क्षितिजापासून वर.

| उपग्रहाचे स्थान | सेवा | दिशा | उंची | एलएनबीचा कल |
|---|---|---|---|---|
| ८३° पूर्व | टाटा प्ले | १६१° | ६६° | १८° |
| ८८° पूर्व | डी२एच | १४८° | ६४° | ३०° |
| ९३.५° पूर्व | डीडी फ्री डिश, सन डायरेक्ट | १३७° | ६०° | ४०° |
| ९५° पूर्व | डिश टीव्ही | १३४.५° | ५९° | ४२° |
| १०८.२° पूर्व | एअरटेल | ११८° | ४७.५° | ५६° |

मानवत, सोनपेठ, सेलू, माजलगाव या आसपासच्या गावांतही हे आकडे अर्ध्या अंशाच्या आसपासच बदलतात, तेव्हा तिथेही चालतील. मुंबई किंवा नागपूरला मात्र पुन्हा गणित करावे लागेल.

दिशेची ढोबळ खूण हवी असेल तर गावांवरून घ्या. पाथरीहून परभणी जवळपास सरळ पूर्वेला, सोनपेठ जवळपास दक्षिणेला आणि गंगाखेड आग्नेयेला आहे. फ्री डिशची छत्री गंगाखेडकडे तोंड करून असते, टाटा प्लेची सोनपेठ आणि गंगाखेडच्या मध्ये, एअरटेलची परभणी आणि गंगाखेडच्या मध्ये. गल्लीतल्या शेजाऱ्याची फ्री डिश चालू असेल तर तिच्याकडे पाहणे हाही उत्तम नकाशाच आहे. फक्त ती छत्री फ्री डिशचीच आहे ना, हे आधी विचारून घ्या.

छत्री दिसते तिकडे पाहत नाही

घरगुती ६० सेंटीमीटरची छत्री 'ऑफसेट' प्रकारची असते. एका मोठ्या वाटीचा वरचा तुकडा कापून घ्यावा तशी तिची घडण असते. त्यामुळे एलएनबी मधोमध न येता खालच्या दांडीवर येते, आणि छत्रीचे तोंड वाटते त्यापेक्षा ती २२ ते २६ अंश वर पाहत असते. उपग्रह ६० अंशावर असला तरी छत्रीचे तोंड ३६ अंशांच्या आसपासच वर असते. नवखा माणूस तिला ६० अंश मागे झोपवतो आणि दिवसभर मोकळे आकाश चाळत बसतो.

युरोपातल्या माहितीपत्रकांतली चित्रेही इथे फसवतात. तिकडे उपग्रह क्षितिजाजवळ असतात, म्हणून छत्र्या भिंतीसारख्या उभ्या दिसतात. आपल्याकडची छत्री चांगलीच मागे रेललेली असते.

छत्रीच्या मागच्या क्लॅम्पवर अंशांच्या खुणा असतात. बहुतेक छत्र्यांवर ऑफसेटचा हिशेब त्यात आधीच धरलेला असतो, त्यामुळे तिथे सरळ ६० लावायचे. खुणा गंजून गेल्या असतील तर छत्रीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर एक सरळ काठी टेकवा आणि काठीवरून दोऱ्याला खडा बांधून सोडा. काठी आणि दोरा यांच्यातला कोन मुलांच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजा. तो ३६ च्या आसपास आला की उंची जवळपास बरोबर आहे.

दक्षिण कुठे आहे

मोबाईलमधल्या होकायंत्रावर लगेच विश्वास ठेवू नका. मराठवाड्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फारसा फरक नाही, तो सोडून दिला तरी चालतो. अडचण असते ती स्लॅबमधल्या गजांची, पत्र्यांची आणि लोखंडी खांबाची. त्यांच्याजवळ सुई दहा-पंधरा अंशही भरकटू शकते. होकायंत्र वापरायचेच तर खांबापासून आठ-दहा पावले दूर उभे राहून दिशा घ्या आणि समोरच्या एखाद्या खुणेवर, पाण्याची टाकी किंवा मंदिराचा कळस अशा, नजर पक्की करा.

याहून खात्रीची पद्धत फार जुनी आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात वेदी आखण्यासाठी ती सांगितली आहे. छतावर एक सरळ काठी ओळंब्यात उभी करा आणि तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढा. सकाळी काठीच्या सावलीचे टोक वर्तुळाला शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर ते पुन्हा शिवेल तिथे दुसरी. या दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पश्चिम-पूर्व. सकाळची खूण पश्चिमेकडची. हिच्यावर काटकोनात रेघ काढली की दक्षिण मिळाली. घड्याळ, होकायंत्र, इंटरनेट काहीच लागत नाही. अर्धा दिवस जातो, पण त्यात आपले काम असे काहीच नसते.

'भर दुपारी बारा वाजता सावली उत्तरेला पडते' हा सोपा नियम पाथरीत दोन कारणांनी चुकतो. एक, आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आहे आणि पाथरी त्याच्या पश्चिमेला आहे. त्यामुळे इथला खरा मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून ८ मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२ वाजून ३८ मिनिटांनी होतो. दोन, मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेला पडते. म्हणजे नेमकी ज्या दिवसांत वाऱ्याने डिश हलते, त्याच दिवसांत हा नियम उलटा असतो.

दक्षिण मिळाली की कोनमापकाचीही गरज नाही. खांबाच्या बुंध्यापासून दक्षिणेला तीन फूट जा. तिथून काटकोनात पूर्वेला दोन फूट साडेनऊ इंच जा. बुंध्यापासून त्या बिंदूपर्यंतची रेघ म्हणजे जीसॅट-१५ ची दिशा. टाटा प्लेच्या ८३ अंशासाठी पूर्वेला फक्त एक फूट अर्धा इंच जायचे.

खांब आणि मोकळे आकाश

खांब ओळंब्यात नसेल तर पुढचे सगळे कोन खोटे ठरतात. खांब दोन अंश कलला की क्लॅम्पवरचे ६० हे प्रत्यक्षात ५८ किंवा ६२ असू शकते. गवंड्याचा ओळंबा किंवा पाणसळ दोन बाजूंनी लावून पाहा. माळवदावर खांब उभा करू नका. माती पावसाळ्यात फुगते, खांब डुलतो आणि भोकातून घरात पाणी उतरते ते वेगळेच. भिंतीला दोन ठिकाणी धरलेला खांब बरा. स्लॅब असेल तर चार बोल्टची बैठक.

अडथळ्याचे गणित सोपे आहे. उपग्रह ६० अंश उंच असल्यामुळे समोरची भिंत छत्रीपेक्षा दहा फूट उंच असली, तरी ती सहा फूट दूर असली की पुरते. एअरटेलच्या उपग्रहासाठी हेच अंतर नऊ फुटांच्या पुढे जाते. झाडाचे मात्र आजचे नव्हे, दोन वर्षांनंतरचे माप धरा. आग्नेयेला लावलेला कडुलिंब पहिल्या वर्षी काही करत नाही.

आणि एक गोष्ट जिवाची. गावात विजेच्या तारा घरावरून झोळ घेऊन जातात. दहा फुटी लोखंडी पाइप उभा करताना तो तारेला लागला तर पुढे काही शिकायला उरत नाही. आभाळ भरून आले असेल, वीज चमकत असेल, तर मालिका बुडू द्या. एलएनबीची वायर जोडताना-सोडताना बॉक्सचा प्लगही काढून ठेवा. बॉक्स त्या वायरमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो, आणि मधली तार जाळीला टेकली की शॉर्ट होऊन बॉक्स बिघडू शकतो.

'आलं का?' 'गेलं!'

आता दोन माणसे हवीत. एक छतावर, एक टीव्हीसमोर. पूर्वी हे ओरडून चालायचे, आता फोनवर चालते. स्वस्तातला सॅटेलाइट फाइंडर मिळाला तर एकट्यालाही जमते.

बॉक्सच्या मेनूत उपग्रह जीसॅट-१५ निवडा, एलएनबीची फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० ठेवा आणि फ्री डिशचा एखादा ट्रान्सपॉन्डर उघडा. उदाहरणार्थ ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. पडद्यावर 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी' अशा दोन पट्ट्या दिसतील.

उंची ६० वर पक्की करा. छत्री दक्षिणेकडे वळवून ठेवा आणि मग हळूहळू पूर्वेकडे फिरवा. हळू म्हणजे खरोखर हळू. पाच सेंटीमीटर व्यासाच्या पाइपवर एक अंश म्हणजे अर्धा मिलीमीटरसुद्धा नाही. थोडे सरकवा, थांबा, मनात तीन आकडे मोजा, मग पुन्हा सरकवा. बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. छत्री सतत फिरवत राहिलात तर उपग्रह येऊन निघूनही जाईल आणि खालचा माणूस 'काही नाही' म्हणेल.

इथे एक बारकावा आहे. छत्री इतकी उंच पाहत असल्यामुळे खांबावर एक अंश फिरवले तरी आकाशात तिची नजर अर्धाच अंश सरकते. म्हणून आडव्या दिशेतली लहानशी चूक खपून जाते. उंचीतली चूक मात्र पूर्ण भरावी लागते. ६० सेंटीमीटरच्या छत्रीची नजर साधारण तीन अंश रुंद असते, म्हणजे मध्यापासून इकडे-तिकडे दीड अंश. उंचीत दोन अंश चुकले की कितीही गोल फिरवा, हाती काही लागणार नाही. एक फेरी रिकामी गेली तर उंची एक अंशाने बदला आणि पुन्हा फिरवा. आधी वर, मग खाली.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे शेजारच्या उपग्रहावर थांबणे. दक्षिणेकडून पूर्वेकडे येताना आधी ९१.५ अंशावरचा मीसॅट भेटतो, मग जीसॅट-१५, मग ९५ अंशावरचा डिश टीव्हीचा उपग्रह. जीसॅट-१५ आणि ९५ अंशावरचा उपग्रह यांच्यात पाथरीच्या आकाशात दोन अंशांचेही अंतर नाही. त्यामुळे 'स्ट्रेंग्थ ८० आहे, पण चॅनेल एकही नाही' हे वाक्य गल्लोगल्ली ऐकू येते. स्ट्रेंग्थची पट्टी फक्त 'वायरमधून काहीतरी येतंय' एवढेच सांगते. शेजारचा उपग्रह किंवा एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही ती वाढवतो. बॉक्सला तो सिग्नल वाचता आला की नाही, ते क्वालिटी सांगते. स्ट्रेंग्थ विसरा आणि क्वालिटीच्या मागे लागा. क्वालिटीही आली, पण चॅनेलची नावे ओळखीची नाहीत, तर तुम्ही शेजाऱ्याच्या दारात उभे आहात.

जुन्या छत्र्यांची आणखी एक भानगड आहे. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झाली तेव्हा ती ९५ अंशावरच्या एनएसएस-६ उपग्रहावर होती. पुढे ती ९३.५ अंशावर, आधी इन्सॅट-४बी आणि मग जीसॅट-१५ वर आली. तेव्हाच्या खुणा किंवा तेव्हाचे कागद वापरून आज डिश लावली, तर ती डिश टीव्हीच्या उपग्रहाकडे पाहील.

एलएनबी किती पिरगाळायची

हा तिसरा कोन बहुतेक जण विसरतात. उपग्रहाच्या लहरी उभ्या किंवा आडव्या असतात, पण त्या उपग्रहाच्या हिशेबाने. पाथरीत उपग्रहांची कमान आग्नेयेकडे तिरपी उतरते, म्हणून लहरीही तिरप्या पोहोचतात. जीसॅट-१५ साठी हा कल ४० अंशांचा, म्हणजे चांगलाच मोठा आहे. विषुववृत्ताच्या जवळ हा कल वाढतो.

आधी एलएनबीचा कनेक्टर सरळ खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी ठेवा. मग छत्रीसमोर उभे राहून, छत्रीकडे तोंड करून, एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवा. कनेक्टर सात वाजून वीस मिनिटांच्या जागी आला की चाळीस अंश झाले. काही एलएनबींचा कनेक्टर मुळातच बाजूला असतो. त्यांच्या मानेवरच्या खुणा पाहा. दहा अंश इकडे-तिकडे झाले तरी नुकसान तीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून हे काम सिग्नल सापडल्यावर, क्वालिटी वाढवण्यासाठी शेवटी करावे. पण एलएनबी अगदीच उलट बाजूला वळलेली असेल तर सिग्नल मुळातच सापडणार नाही, तेव्हा सुरुवातीला ढोबळ अंदाजाने ती वळवून ठेवाच.

क्वालिटी सगळ्यात जास्त आली की बोल्ट आलटून पालटून, थोडे-थोडे आवळा. एकच बोल्ट एकदम आवळला की छत्री त्या बाजूला ओढली जाते आणि मेहनत वाया जाते. आवळून झाल्यावर क्लॅम्प आणि पाइप या दोघांवरून जाणारी एक रेघ पक्क्या रंगाने ओढा, उंचीच्या क्लॅम्पवरही एक. पुढच्या वाऱ्यात छत्री हलली तर रेघेला रेघ जुळवायची, पाच मिनिटांत काम होते. मला विचाराल तर या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट ही रेघच. कनेक्टरवर चिकटपट्टी गुंडाळा आणि वायर वरून येताना खाली छोटा झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून टपकेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही.

दुसऱ्या उपग्रहाकडे वळताना

हीच छत्री दुसऱ्या उपग्रहाकडे वळवता येते. जीसॅट-१५ वरून टाटा प्लेच्या उपग्रहाकडे जायचे तर २४ अंश पश्चिमेकडे (पाइपवर साधारण साडेदहा मिलीमीटर), सहा अंश वर, आणि एलएनबी २२ अंश उलटी फिरवायची. प्रत्येक जागेची रेघ वेगळ्या रंगात ओढून ठेवली की कोष्टक पुन्हा काढावे लागत नाही. अपेक्षा मात्र माफक ठेवा. खासगी कंपन्यांचे बहुतेक चॅनेल कुलूपबंद असतात, आणि नेम कितीही अचूक लागला तरी त्यांचा बॉक्स आणि रिचार्ज यांशिवाय ते उघडत नाहीत.

छत्री न हलवता दोन उपग्रह हवे असतील तर दांडीवर दुसरी एलएनबी बसवतात. छत्री आरशासारखी असल्यामुळे इथे सगळे उलटे होते. पश्चिमेकडच्या उपग्रहाची एलएनबी पूर्वेच्या बाजूला, आणि जास्त उंच उपग्रहाची एलएनबी किंचित खाली बसते. ८८ आणि ९३.५ अंशांसारखी जोडी एका छत्रीत बसू शकते. ९३.५ आणि ९५ इतके जवळ आहेत की दोन एलएनबी एकमेकींना जागाच देणार नाहीत.

सूर्य मागे आला की

वर्षातून दोनदा सूर्य या उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. पाथरीत जीसॅट-१५ साठी हे १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला आणि १ ऑक्टोबरच्या आसपास सकाळी पावणेअकरा ते अकराच्या दरम्यान घडते. आगेमागे दोन-तीन दिवस काही मिनिटे चित्र तुटते, कारण सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. अशा वेळी छतावर जाऊन पाना चालवू नका. दहा-पंधरा मिनिटांत चित्र आपोआप परत येते.

ज्यांना नवी जागा निवडायची आहे, त्यांनी मात्र याच वेळी छतावर जावे. त्या मिनिटांना जिथे ऊन पडते तिथून उपग्रह मोकळा दिसतो, जिथे भिंतीची किंवा झाडाची सावली आहे तिथून दिसत नाही. सूर्याकडे थेट पाहू नका, उन्हाकडे पाहणे पुरेसे आहे. आधीच लावलेल्या छत्रीचीही परीक्षा तेव्हा होते: नेम बरोबर असेल तर छत्रीवरून परतलेल्या उन्हाचा ठिपका एलएनबीच्या तोंडावरच पडतो. तो एखाद्या बाजूला किंवा वर-खाली पडत असेल, तर छत्री तेवढीच चुकली आहे.